पहिल्यांदाच खेकडे आणताय? मग हे बघून घ्या

खेकडा जिवंतच घ्यायचा, यात तडजोड नाही. मेला की पोटातले बॅक्टेरिया मांसात पसरतात आणि मांस फार लवकर खराब होतं, त्यामुळे विकणारा "आत्ताच गेलाय हो" म्हणून कितीही गोड बोलला तरी सोडून द्या. उचलल्यावर पाय लोंबकळत असतील तर नकोच.

मग वजन. नवीन माणूस साइझ बघून भुलतो. खेकडा वाढताना जुनं कवच टाकतो, नवीन कवच मोठं असतं पण आत मांस भरायला वेळ लागतो, अशा वेळी घेतलात तर आत नुसतं पाणी निघतं. म्हणून एकाच आकाराचे दोन हातात घेऊन बघा आणि जड तो घ्या, पोटाच्या बाजूने पायांच्या मुळाशी अंगठ्याने दाबून बघा, दबलं तर पोकळ. मळकट, खरखरीत कवचाचा खेकडा दिसायला कसातरीच असतो पण भरलेला बहुतेक तोच निघतो, चकचकीत नव्याकोऱ्यावर माझा तरी भरवसा नाही. पोटावरची झाकणी निमुळती असेल तर नर, रुंद गोलसर असेल तर मादी. नराच्या नांग्यांत मांस जास्त, मादीत लाख, म्हणजे आतली केशरी अंडी, मिळू शकते. पण अंडी पोटाबाहेर लगडलेली असतील तर तिला सोडा, बऱ्याच ठिकाणी अशी मादी पकडायला बंदीच असते.

घरी आणून बादलीभर नळाच्या पाण्यात सोडू नका, समुद्राचा खेकडा त्यात मरतो. ओल्या फडक्याखाली गार जागी ठेवा, हवा लागू द्या आणि त्याच दिवशी करा.

साफ करायच्या आधी २०-३० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा, तो सुन्न होतो, त्यालाही त्रास कमी आणि तुमची बोटंही वाचतात. नांग्यांचे दोरे तोवर सोडायचे नाहीत! मग उताणा करून झाकणी उचला, तिच्याखाली मधोमध जाड सुरीचं टोक जोरात खुपसा. झाकणी तोडून टाका, मागच्या बाजूने बोट घालून वरचं कवच ओढून काढा. आत दोन्ही बाजूंना करड्या पिसांसारखे कल्ले दिसतील ते सगळे काढायचे, डोळ्यांच्या मागे छोटी पिशवी असते, ते त्याचं पोट, तेही फेकायचं. पिवळट-तपकिरी गर काही लोक आवडीने खातात, पण प्रदूषित पाण्यातला खेकडा असेल तर सगळी घाण त्यातच साठते, त्यामुळे सुरुवातीला धुऊन टाका. मधून दोन तुकडे करा, नांग्यांवर बत्त्याने हलका ठोका द्या, चुरा होऊ देऊ नका नाहीतर जेवताना कवचाच्या कपच्या दाताखाली येतात.

अर्ध्या किलोचा अख्खा खेकडा वाफवायला साधारण १५ मिनिटं. कवच लाल झालं म्हणजे शिजलं असं नाही, रंग आधीच बदलतो, आतलं मांस पांढरं आणि अपारदर्शक दिसलं पाहिजे.

बाकीचं थोडक्यात. मासा घेताना डोळे फुगीर, कल्ले लाल, बोटाने दाबलं तर खड्डा राहायला नको, अमोनियासारखा वास आला की पुढे चला. शिंपल्या बंद हव्यात, उघडी असेल तर टकटक करा, मिटली तर जिवंत. वाळू निघण्यासाठी लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात दोनेक तास ठेवा आणि शिजवूनही न उघडलेल्या टाकून द्या. कोळंबीच्या पाठीवरचा काळा धागा काढा, ती इंग्रजी 'सी'सारखी वळली की गॅस बंद, पूर्ण गोल झाली म्हणजे रबर झाली. माकूल (स्क्विड) एकतर दोन मिनिटं किंवा चांगलं पाऊण तास, मधल्या वेळेत काढलंत तर चावत बसाल.

आणि जेवायला कोणी येणार असेल तर कवचाच्या माशांची अ‍ॅलर्जी आहे का ते आधी विचारा, घसा सुजण्यापर्यंत जाऊ शकतं.