ऑफिसचा मेल पेनड्राइव्हवरून कसा चालवायचा

मी अकाउंट्सचं काम करतो, आठवड्यातले चार दिवस क्लायंटच्या ऑफिसात त्यांच्याच पीसीवर बसायचं आणि मेल मात्र आपल्या ऑफिसच्या आयडीवरून पाठवायचा. आधी ब्राउझरमध्ये लॉगिन करायचो, एकदा लॉगआउट करायचं राहिलं आणि ते घरी ताटावर बसल्यावर आठवलं, घास गेला नाही घशाखाली. तेव्हापासून थंडरबर्ड (मेल वाचायचा-पाठवायचा प्रोग्राम) पेनड्राइव्हवर घेऊन फिरतो.

आधी एक करा, आपल्या आयटीवाल्याला आणि ज्यांच्या पीसीवर बसणार त्यांना विचारा. बऱ्याच ठिकाणी यूएसबी बंद असते आणि त्याला कारण असतं, तिथे पळवाट शोधू नका.

आउटलुक असं चालत नाही, ते विंडोजमध्ये इन्स्टॉल होतं, फोल्डर उचलून नेलं असं होत नाही. पोर्टेबलअ‍ॅप्स डॉट कॉमवर थंडरबर्डची पोर्टेबल आवृत्ती फुकट मिळते, ती चालवली की कुठे ठेवू विचारते, तिथे पेनड्राइव्ह निवडायचा. मग थंडरबर्डपोर्टेबल नावाचं फोल्डर तयार होतं, त्यातल्या 'अ‍ॅप'मध्ये प्रोग्राम आणि 'डेटा'मध्ये तुमचं सगळं, म्हणजे बॅकअप घ्यायचा तर थंडरबर्ड बंद करून 'डेटा' कॉपी करायचं, झालं.

पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर आधीच फॉरमॅट करून एक्सफॅट करून घ्या, या ड्राइव्हवर फाइल ठेवायच्या दोन पद्धती आहेत (फॉरमॅटमध्ये आतलं सगळं जातं, लक्षात ठेवा). थंडरबर्ड एका मेल फोल्डरची सहसा एकच मोठी फाइल करतं आणि फॅट३२ वर ४ जीबीच्या पुढे फाइल जात नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अकाउंट जोडताना सर्व्हरवरून मेल आणायच्या दोन पद्धती दिसतात, त्यातली आयमॅपच निवडा, पॉप नको. मी सुरुवातीला पॉप ठेवलं होतं, सर्व्हरवर कॉपी ठेवायची टिक काढलेली, म्हणजे मेल सर्व्हरवरून उतरून फक्त पेनड्राइव्हवर राहायचे, आणि एक दिवस पेनड्राइव्ह लावला तर विंडोज म्हणतंय फॉरमॅट करा. तीन महिन्यांचे मेल गेले, क्लायंटकडून एकेक बिल पुन्हा मागवताना जीव मेटाकुटीला आला. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतो, पेनड्राइव्ह मेला तरी दुसऱ्यावर तासाभरात सगळं उभं राहतं. सर्व्हर सेटिंग्जमध्ये मेल घ्यायला पोर्ट ९९३, कनेक्शनची सुरक्षा एसएसएल/टीएलएस. पाठवायला ५८७ स्टार्टटीएलएस नाहीतर ४६५ एसएसएल/टीएलएस, तुमचा होस्टिंगवाला जे सांगेल ते. गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर ऑथेंटिकेशन ओऑथ२ ठेवा, त्यांचीच लॉगिन विंडो उघडते, नुसता पासवर्ड टाकून आता चालत नाही.

पेनड्राइव्ह हळू असतो, त्यामुळे अकाउंट सेटिंग्जमध्ये सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेजमध्ये जाऊन मेसेज कॉम्प्युटरवर ठेवायची टिक काढा, किंवा फक्त शेवटचे ३० दिवस ठेवा. थंडरबर्डच्या मुख्य सेटिंग्जमधल्या जनरलमध्ये ग्लोबल सर्च अँड इंडेक्सर (शोधासाठी मेलची यादी करत राहणारी सोय) पण बंद करा, माझ्या ड्राइव्हचा दिवा आधी सारखा लुकलुकत असायचा तो यानंतर शांत झाला.

तिथेच प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये प्रायमरी पासवर्ड लावाच. पण तो फक्त सेव्ह केलेले पासवर्ड कुलूपबंद करतो, उतरवलेले मेल तसेच उघडे असतात, कुणीही फाइल नोटपॅडमध्ये उघडून वाचू शकतो. म्हणून अख्खा ड्राइव्ह बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्याच कुलपाने, लॉक करा, त्यासाठी एकदा विंडोज प्रो असलेला पीसी लागतो, नंतर होमवाल्या पीसीवर पण पासवर्ड टाकून उघडतो. व्हेराक्रिप्ट हा असाच दुसरा प्रोग्राम चांगला आहे पण त्याला अ‍ॅडमिन परवानगी लागते, क्लायंटच्या पीसीवर ती कोण देणार. आणि हे सगळं केलं तरी सायबर कॅफेत वापरू नका, पीसीमध्येच व्हायरस असला तर तुम्ही टाइप केलेलं सगळं तो बघतो.

अटॅचमेंटवर थेट डबल क्लिक करू नका, तिची कॉपी त्या पीसीच्या टेम्प फोल्डरमध्ये जाते, आधी पेनड्राइव्हवर सेव्ह करा आणि तिथून उघडा. निघताना थंडरबर्ड बंद करा, दिवा थांबेपर्यंत थांबा, मग सेफली रिमूव्ह. ड्राइव्ह हरवलाच तर त्याच तासाला दुसऱ्या पीसीवरून मेलचा पासवर्ड बदला, सगळीकडून साइन आउट करा आणि ऑफिसला कळवा.