टाकीला भोक न पाडता: मोटरहोमच्या टाक्यांसाठी घरगुती मापकाची तयारी

अमेरिकेत जुना ट्रेलर किंवा मोटरहोम घेतलं की भिंतीवर दिव्यांचं एक पॅनेल मिळतं: रिकामी, एक तृतीयांश, दोन तृतीयांश, भरलेली. शौचालयाच्या टाकीचा, म्हणजे ब्लॅक टँकचा, दिवा बहुधा कायम ‘भरलेली’च सांगतो. टाकीत घुसवलेल्या प्रोबांवर, म्हणजे पातळी ओळखणाऱ्या धातूच्या टोकांवर, कागद आणि मळ साचतो, मग करंट पाण्याऐवजी त्या ओल्या थरातूनच वाहत राहतो. सिंकच्या ग्रे टँकमध्ये साबणाच्या जोडीला आपल्या फोडणीचं तेल असतंच. म्हणून पाण्याची पातळी दाखवणारा मापक टाकीच्या बाहेरूनच चिकटवायचा, हे आधी पक्कं करा.

काहीही मागवण्यापूर्वी टॉर्च आणि टेप घेऊन गाडीखाली आडवे व्हा. टाकी प्लॅस्टिकची आहे ना, एखादी बाजू सपाट आणि हाताला लागणारी आहे का, खालचं आवरण किती स्क्रूंनी धरलंय, आणि मुख्य म्हणजे टाकीची उंची किती, हे लिहून घ्या. मी हे न करता जलरोधक अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीने अंतर मोजणारा) सेन्सर मागवला. त्याला पहिल्या वीसेक सेंटिमीटरमधलं काही दिसत नाही, आणि माझी टाकीच जेमतेम तेवढी खोल! तो अजून खणात पडून आहे.

पहिलाच प्रयत्न असेल तर एक्सकेसी-वाय२५ जातीचे, भिंतीबाहेरून पाणी ओळखणारे चार सेन्सर घ्या. काही डॉलरना एक मिळतो. टप्पे नकोत, सलग आकडा हवा असेल तर तांब्याच्या फॉइलच्या दोन उभ्या पट्ट्या आणि धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मोजणारी एफडीसी१००४ चिप. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (ही धारिता किती पटीने वाढते तो आकडा) सुमारे 80 आणि हवेचा 1, त्यामुळे पातळी चढली की फरक लगेच कळतो. पट्ट्या गाडीच्या लोखंडी चौकटीपासून लांब ठेवा, नाहीतर चौकटच मोजली जाईल.

सेन्सर वाचायला ईएसपी३२ हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड पुरे. त्याच्या पिनांना 3.3 व्होल्टच झेपतात आणि वाय२५ सेन्सरचं आउटपुट पुरवठ्याइतकं चढतं, म्हणून व्होल्टेज कमी करणारा दोन रेझिस्टरांचा डिव्हायडर लागेल. गाडीचे ‘12 व्होल्ट’ चार्जिंगच्या वेळी 14 च्या वर जातात. व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टर घ्या आणि बॅटरीजवळ 1 अँपिअरचा फ्यूज.

चिकटवण्याचा दिवस कोरडा, उबदार निवडा. आदल्या दिवशी डंप स्टेशनवर, म्हणजे गाडीतलं सांडपाणी सोडण्याच्या जागी, टाक्या रिकाम्या करून ब्लॅक टँक धुऊन घ्या (हातमोजे विसरू नका). टाकीची भिंत रबिंग अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या.

शेवटची तयारी सगळ्यात कंटाळवाणी, आणि तीच टाळली जाते. गाडी जॅकवर समपातळीत आणा, एक गॅलनची, म्हणजे 3.8 लिटरची बादली घ्या आणि प्रत्येक बादलीनंतर आकडा लिहा. तिन्ही टाक्यांत (वापरायच्या पाण्याची, ग्रे आणि ब्लॅक) स्वच्छ पाणीच ओता. ब्लॅक टँकमध्ये कमोडमधून. टाकीचा आकार नेहमीच नीट चौकोनी नसतो, त्यामुळे अर्धी उंची म्हणजे अर्धं पाणी असेलच असं नव्हे. दोघं असलात तर बरं: एकाने ओतायचं, दुसऱ्याने लिहायचं. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.