घरकुल हवंय? आधी जागेचा कागद बघा

विदर्भातल्या कुठल्याही खेड्यात घरकुलाचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, 'यादीत नाव आलं का?' माझ्या मते पहिला प्रश्न जागेचा असायला हवा. यादीत नाव आहे, घर मंजूर आहे आणि तरीही माणूस कुडाच्या भिंतींत पावसाळे काढतोय, असं गावोगाव दिसतं. कारण एकच, राहती जागा त्याच्या नावावर नाही. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याच्यापाशीच येऊन योजना अडते. म्हणून सुरुवात जागेपासून करा.

पहिली पायरी : जागा कोणाची आहे?

ग्रामपंचायतीतून आपल्या घराचा नमुना ८ चा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीचा, उतारा काढा. त्यावर तुमचं नाव असेल तर निम्मं काम झालं. वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर भावा-बहिणींचं संमतिपत्र आत्ताच लिहून घ्या. घर मंजूर होईपर्यंत कोणी काही बोलत नाही, पायाची आखणी सुरू झाली की हिस्सा आठवतो.

उताराच नसेल तर तलाठ्याकडून, म्हणजे आपल्या पटवाऱ्याकडून, त्या जागेचा सातबारा घ्या आणि तो नीट वाचा. जागा आबादीची, म्हणजे गावठाणाची, असेल तर ग्रामपंचायतीकडे लेखी मागणी करा. सरकारी जागेवर जुनं राहतं घर असेल तर १६ फेब्रुवारी २०१८ च्या शासन निर्णयाचा आधार घ्या. निवासी अतिक्रमणं नियमानुकूल करण्यासाठीच तो काढलेला आहे. वऱ्हाडात ई-क्लास म्हणतात ती जमीन मात्र चराईसाठी राखीव असेल तर काम अवघड होतं. अशा ठिकाणी तहसीलदारांकडे प्रस्ताव कुठपर्यंत गेलाय, हे विचारत राहावं लागतं.

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत आणखी एक नोंद भेटते, 'झुडपी जंगल'. प्रत्यक्षात तिथे एक झाड नसेल, पिढ्यान्‌पिढ्या घरं असतील, तरी कागदावर ती नोंद असतेच. या जमिनी वनजमीनच धराव्यात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जागांसाठी राज्याने केंद्राची मान्यता घ्यावी, अशी वाट त्यात ठेवली आहे. त्यामुळे जुना पट्टा, जुनी घरपट्टीची पावती, जे काही हाती असेल ते सांभाळून ठेवा. कागद नसताना अशा जागेवर नवा पाया खोदू नका. नंतर पैसा अडकला तर सोडवायला कोणी येत नाही.

अजिबात जागा नसलेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. आधी तिच्यात ५० हजार रुपये मिळत, आता मर्यादा १ लाखाची आहे. ही मदत न मागताच राहून जाते, म्हणून पंचायत समितीत तिचं नाव घेऊन अर्ज द्या. भूमिहीनाला जागा मिळवून देणं हे योजनेच्या नियमांप्रमाणे शासनाचंच काम आहे, हेही अर्जात लिहा. वनहक्क कायद्याखाली मिळालेला पट्टा राहत्या जागेचा असेल तर त्याची प्रतही जोडा.

दुसरी पायरी : आपली योजना ओळखा

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण ही मोठी योजना. २०१६ मध्ये तिने इंदिरा आवासची जागा घेतली. तिच्यात १ लाख २० हजार रुपये मिळतात, डोंगराळ आणि नक्षलग्रस्त भागात १ लाख ३० हजार. केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. राज्याने २०२५ मध्ये वर ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौर संचासाठी आहेत.

अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, विमुक्त-भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास अशा राज्याच्या योजना आहेत. यवतमाळकडचे कोलाम आणि गडचिरोलीतले माडिया यांच्यासाठी पीएम-जनमन या आदिम जमातींसाठीच्या केंद्राच्या योजनेतून २ लाख रुपये मिळतात. एका यादीत नाव नाही म्हणून घरी बसू नका, दुसऱ्या यादीत तुमचा हक्क असू शकतो. तालुक्याचं गाव नगरपंचायतीत गेलं असेल तर अर्ज तिथेच करायचा, शहरी योजनेत अडीच लाख मिळतात.

तिसरी पायरी : ग्रामसभा

नाव कापलं जातं किंवा वर येतं ते इथे. प्रधानमंत्री आवाससाठी घरं हवी असलेली कुटुंबं शोधणाऱ्या आवास प्लस सर्वेक्षणाची यादी ग्रामसभेत वाचली गेली पाहिजे. आपल्याकडे मात्र बरेचदा 'यादी मंजूर' एवढीच एक ओळ इतिवृत्तात असते. खाली अंगठे आणि सह्या, आणि त्यातल्या निम्म्या माणसांना आपण कशावर सही केली हेही ठाऊक नसतं. १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं नसतील तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. ही दुसरी सभा चुकवू नका. गावाचे निर्णय बहुतेक वेळा तिथेच होतात.

सभेत तीन गोष्टी मागा. यादी मोठ्याने वाचा. प्रत्येक नावापुढे पात्र की अपात्र, आणि अपात्र असेल तर कारण, हे लिहा. सह्या त्यानंतर घ्या. दुचाकी किंवा फ्रिज आहे म्हणून नाव कापत असतील तर ती अट आता काढलेली आहे, हे सांगा. महिन्याच्या कमाईची मर्यादाही १० हजारांवरून १५ हजारांवर आली आहे. तीनचाकी-चारचाकी वाहन, अडीच एकर किंवा जास्त ओलीत, पाच एकर किंवा जास्त कोरडवाहू जमीन, ५० हजार किंवा त्याहून मोठ्या मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड, या अटी मात्र कायम आहेत.

सगळ्यात जास्त अन्याय बाहेर कामाला जाणाऱ्यांवर होतो. मेळघाटातली कुटुंबं कामासाठी महिनोन्‌महिने घर सोडून जातात. त्या काळात सर्वेक्षणवाले येतात, कुलूप बघतात आणि पुढे जातात. 'आमी हरभरा सोंगाले गेलतो जी' हे ऐकून घेणारं तिथे कोणी नसतं. अशा शेजाऱ्याचं नाव ग्रामसभेत तुम्ही घ्या. वगळलेल्याला जिल्ह्याच्या अपील समितीकडे जाता येतं. अर्जाच्या दोन प्रती करा आणि एकीवर शिक्क्याची पोच घ्या. पोच नसेल तर तो अर्ज दिलाच नाही असं समजा.

चौथी पायरी : खातं

पैसा आधारशी जोडलेल्या खात्यात येतो. बँकेत जाऊन खातं चालू आहे का आणि केवायसी पूर्ण आहे का, ते विचारा. अपुऱ्या कागदांवर उघडलेल्या छोट्या खात्यात ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक राहू शकत नाही, मग हप्ता परत जातो.

पाचवी पायरी : पाया, आणि घाई नको

पहिला हप्ता १५ हजारांचा. तो पडला की जुनं घर पाडायचा मोह होतो. थांबा. मिरगाच्या तोंडावर पाडलं तर सगळं बिऱ्हाड ताडपत्रीखाली येतं. १० जून ते ३० सप्टेंबर नदीतून रेती काढायला बंदी असते, त्यामुळे त्या दिवसांत रेती मिळत नाही आणि मिळाली तर महाग मिळते. दिवाळीनंतर काम काढा आणि उन्हाळ्यात छत टाका. घरकुलवाल्याला ५ ब्रास रेती मोफत आहे. तिचा परवाना तहसीलमधून आधीच घेऊन ठेवा.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, इतकी की भेगेत अख्खा हात जातो. पावसाळ्यात तीच फुगते आणि वर उचलते. दीड-दोन फुटांवर पाया बसवलेल्या घरांच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा गेलेल्या दिसतात, त्या या मातीमुळेच. घट्ट मुरूम लागेपर्यंत खोदा, निदान भेगा पोचतात त्याच्या खाली जा. काढलेली काळी माती पुन्हा जोत्यात भरू नका, मुरूम भरून पाणी मारून धुम्मस करा. जोत्यावर चारही बाजूंनी प्लिंथ बीम, म्हणजे सळईच्या काँक्रीटचा पट्टा, फिरवा. इथे वाचवलेले पाच-सात हजार पुढे भिंतीत जातात. पंचायत समितीतल्या गृहनिर्माण अभियंत्याला पाया उघडा असतानाच बोलवा.

आणि घर लहान बांधा. योजनेत किमान २६९ चौरस फूट सांगितलंय, तेवढं पूर्ण करा. तीन खोल्यांचे कॉलम उभे करून सळया गंजत पडलेली घरं प्रत्येक तालुक्यात आहेत, पैसा छज्ज्यापाशीच संपलेला असतो. ठेकेदाराला घर सोपवू नका. योजनेत ठेकेदाराला जागाच नाही, घर लाभार्थ्यानेच बांधायचं आहे.

पुढचे हप्ते कामाच्या टप्प्यांवर मिळतात, आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो मोबाइल ॲपवर चढावा लागतो. जोतं झालं की त्याच दिवशी कळवा. फोटोसाठी किंवा हप्त्यासाठी कोणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर फुकट लागतो. हप्ता रखडला तर गटविकास अधिकाऱ्यांना लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर १० रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे.

ज्याला आज रात्रीच छप्पर नाही

घरकुलाला महिने लागतात. तोवर पडक्या घरातल्या म्हाताऱ्या आजीने कुठे झोपायचं? शहरांत महानगरपालिकांची बेघर निवारा केंद्रं असतात, एक लाख लोकसंख्येमागे एक असा न्यायालयाचा दंडक आहे. खेड्यासाठी तशी सोयच नाही, आणि हे मला फार खटकतं. पण ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी गावांत ५ टक्के अबंध निधी थेट ग्रामसभेच्या हाती असतो. गेल्या वर्षी हा पैसा कशावर गेला, ते अंदाजपत्रकाच्या सभेत विचारा. समाजमंदिराची किंवा जुन्या शाळेची एक खोली पावसाळ्यापुरती अशा माणसाला द्यावी, टिनाचे चार पत्रे घेऊन द्यावेत, असा ठराव मांडा. त्याच बैठकीत त्या आजीचा संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळचा अर्जही भरा, महिन्याला १५०० रुपये मिळतात.

घर पूर्ण झालं की शेवटचा हप्ता पडायची वाट न बघता नमुना ८ वर नव्या पक्क्या घराची नोंद करून घ्या, नवरा-बायको दोघांच्या नावाने. नुसती तोंडी कबुली चालणार नाही, उताऱ्याची सही-शिक्क्याची प्रत घरी आणा.