काळ्या गाडीचं पोस्टर आधी गुंडाळून ठेवा

समाजकार्य शिकणारी मुलंमुली, नुकतेच रुजू झालेले शिक्षक, संस्थेत नव्याने लागलेले कार्यकर्ते माझ्याकडे एकच मागणी घेऊन येतात. मुलांच्या तस्करीवर जनजागृती करायची आहे, एखादं पोस्टर द्या. त्यांच्या स्वतःकडे असतं ते बहुतेक काळ्या काचांच्या गाडीचं, तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसाचं. या कामात मी बरीच वर्षं आहे, आणि माझं पहिलं सांगणं असतं की ते पोस्टर लावू नका.

अनोळखी माणसाची भीती आपल्याकडे आधीच उदंड आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. कारण काय, तर मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी मोबाइलवरची अफवा. ते पोटासाठी भिक्षा मागत फिरणारे लोक होते. आपण गावात जाऊन त्याच भीतीला खतपाणी घातलं, तर मार खातो तो फिरस्ता, फेरीवाला, नाहीतर एखादा भ्रमिष्ट माणूस. मूल नेणारा मात्र ओसरीवर चहा पीत बसलेला असतो.

तो बहुतेकदा ओळखीचाच असतो. लांबचा मामा, मजूर पुरवणारा गावातलाच मुकादम, शहरात ‘सोय लावून देणारी’ शेजारीण, स्थळ आणणारा मध्यस्थ. ‘पोरीला घरकामाला ठेवतील, शाळेतही घालतील.’ ‘हुंडा नको, लग्नाचा खर्च आमच्याकडे.’ ‘उचल म्हणून आगाऊ पैसे घ्या, पोरगं हंगामभर राहील.’ २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी कुटुंबांतली मुलं मेंढ्या वळायला दिली गेल्याचं उघडकीला आलं. आईबापांच्या हातावर थोडे पैसे आणि कुठे एखादी मेंढी ठेवली होती. एका लहान मुलीचा जीव गेला तेव्हा कुठे गवगवा झाला. यात कुणी कुणाला पळवलं नव्हतं. बैठकीत हे सांगितलं की लोक माना डोलवायचं थांबवतात आणि एकमेकांकडे बघायला लागतात. तिथून पुढे खरं बोलणं सुरू होतं.

मग हमखास प्रश्न येतो, ‘आईबापानेच दिलं, तर त्यात गुन्हा कसला?’ याचं उत्तर पाठ असू द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये, ज्याच्या ताब्यात ती व्यक्ती आहे त्याची संमती पैसे देऊन मिळवणं, हाच तस्करीचा एक मार्ग म्हणून नोंदलेला आहे. बळी पडलेल्याने स्वतः होकार दिला होता का, याला तिथे किंमत नाही. मुलाची तस्करी असेल तर शिक्षा किमान दहा वर्षं, ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. पण बोलण्याची सुरुवात कायद्यापासून करू नका. आजारपणापायी उचल घेतलेल्या घरात ‘तुम्ही मूल विकलंत’ असं तोंडातून गेलं, की ते दार तुम्हाला कायमचं बंद झालं म्हणून समजा.

लोकांना प्रश्न विचारायला शिकवा. कामाचा पुरता पत्ता काय? मालकाचा फोन कोणता? मजुरी कुणाच्या हातात पडणार? आधार कार्ड आणि शाळेचा दाखला कुणाजवळ राहणार? पोराशी रोज बोलता येईल का? दलालाला नेहमी घाई असते, ‘उद्या सकाळच्या गाडीने निघायचंय’ म्हणतो. म्हणून ‘आठ दिवसांनी सांगते’ एवढं एक वाक्य बायांच्या तोंडी बसलं तरी पुष्कळ झालं. यासाठी ग्रामसभेपेक्षा बचत गटाची बैठक बरी. ग्रामसभेत मुकादम पहिल्या रांगेत असतो!

कुणाचं मूल दिसेनासं झालं हे अंगणवाडी सेविकेला आणि आशाताईंना सगळ्यांच्या आधी कळतं. शिक्षक असाल तर हजेरीपट हेच तुमचं साधन. सलग आठवडाभर गैरहजर असलेल्या मुलाच्या घरी जा, आणि ‘मामाकडे गेलाय’ या उत्तरावर थांबू नका. कोणता मामा, कोणतं गाव, विचारा.

कार्यक्रमाआधी जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समितीत जाऊन ओळख करून घ्या. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्यांनाही भेटा. हे टाळायचं नाही, कारण कार्यक्रम बरा झाला तर कुणीतरी येऊन काहीतरी सांगणारच. त्या वेळी स्वतः तपासाला निघू नका, मोबाइलवर चित्रण करू नका, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती असेल तर पॉक्सो कायद्याने ती कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. शांतपणे ऐकून घ्या आणि १०९८ ला फोन करा, तातडी असेल तर ११२ ला. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली. हा नंबर मुलांकडून पाठ करून घ्या. मुलांना घाबरवायची गरज नाही. फोन लागला तर आपण कुठे आहोत, आजूबाजूला काय दिसतंय हे कसं सांगायचं, याचा खेळ घ्या.

मूल हरवलं तर चोवीस तास थांबावं लागतं, हा समज फार खोल रुजलेला आहे आणि तो खोटा आहे. हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर लगेच गुन्हा नोंदवायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय.

फोटोंचं काय? संस्थांना अहवालासाठी ते हवेच असतात. सुटका झालेल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याची बंदी आहे. चेहरा पुसट करून गावाचं नाव खाली छापणं ही निव्वळ धूळफेक झाली. फळ्याचा फोटो काढा, तेवढा पुरे.

वेळ कोणती साधावी? ३० जुलै हा मानवी तस्करीविरोधी जागतिक दिन, तेव्हा बॅनर लागतात, भाषणं होतात. ऊसतोडीच्या पट्ट्यात काम करणार असाल तर मी म्हणेन, मुकादम उचल वाटत फिरत असतो त्या पावसाळ्यातल्या महिन्यांत जा. आणि ऊसतोड मजुरांच्या टोळ्या गावी परतल्या की पुन्हा जाऊन, कोण कोण परत आलं नाही त्याची यादी सेविकेसोबत बसून करा.