‘कसा आलाय?’ विचारू नका

फोटो पाठवून ‘दादा, कसा आलाय?’ असं विचारलंत, तर ‘भारी!’ एवढंच उत्तर येणार. कोल्हापुरात तर हमखास. त्या ‘भारी’नं मन खूश होतं, पण पुढचा फोटो सुधारत नाही. माझा लग्नाच्या फोटोंचा धंदा आहे, स्टुडिओत शिकायला येणारी पोरं असतात. त्यांना मी कॅमेऱ्याच्या बटणांबरोबरच प्रश्न विचारायलाही शिकवतो.

आधी कॅमेरा. नवा घेऊ नका. कुणाचा तरी जुना डीएसएलआर आणि त्यावरची १८-५५ची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतच येणारी, १८ ते ५५ एमएमची झूम लेन्स) मिळाली तरी वर्षभर पुरते. तेही नसेल तर मोबाइलवर उजेड आणि चौकट शिका, तेवढंही थोडं नाही.

मग एका वेळी एकच गोष्ट बदला. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, शिकायचं तर मोड ‘ए’वर ठेवा (कॅननवर ‘एव्ही’ लिहिलेलं असतं) आणि मित्राला पंचगंगेच्या घाटावर उभा करा. एफचा आकडा लहान म्हणजे लेन्सचं भोक मोठं, उजेड जास्त, मागचं धूसर. हे पाठ सगळ्यांचं असतं, तरी मागचं धूसर होत नाही अशी तक्रार येते, कारण झूम १८ला असतो आणि मित्र दीपमाळेला टेकून उभा असतो. झूम ५५ला न्या, मित्राला मागच्या दगडांपासून दहा-पंधरा पावलं पुढं आणा, तुम्हीही त्याच्या जवळ जा. किट लेन्स तिथं एफ ५.६च्या खाली उतरत नाही, तरी फरक दिसेल. ५५ला असताना शटर (उजेड आत येतो तेवढा वेळ) १/१०० सेकंदापेक्षा हळू नको, हात हलतो.

शटर शिकायला माझ्या मते तालमीसारखी जागा नाही. वस्तादांना विचारून आत जायचं, चपला बाहेर, हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, पाय टाकायचा नाही आणि फ्लॅश मारायचा नाही. सकाळी खिडकीतून येतो तेवढाच उजेड. समजा एफ ५.६, शटर १/६०, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) १६००वर उजेड बरोबर आला. भिंत स्वच्छ दिसते, पैलवान मात्र फरफटलेला. शटर १/१२५ केलं की उजेड निम्मा, १/२५० केलं की पाव. तो भरून काढायला आयएसओ १६००चं ३२०० आणि मग ६४००. आता पैलवान थांबतो, पण सावलीत ग्रेन, म्हणजे दाणे, येतो. येऊ दे. ग्रेन आलेला डाव बघवतो, हललेला नाही. १/५०० हवंच असेल तर आयएसओ १२८००ला जा, नाहीतर कुणाची तरी ५० एमएम एफ १.८ मागून आणा. ती लेन्स एफ २ला ठेवली की ५.६च्या आठपट उजेड आत येतो.

तिसरी गोष्ट मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातलं उजेडाचं माप. समोर काय आहे हे कॅमेऱ्याच्या मीटरला कळत नाही, दिसेल ते तो मध्यम करड्याकडं ओढतो. पांढरे फेटे, पांढरी धोतरं चौकटभर असली की तो फोटो काळवंडवतो आणि सावळे चेहरे पार बुडतात. तिथं एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सेटिंग) +१. उलट गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीनं चौकट भरली की म्हैस राखाडी होते. तिथं −१. वारीचे फोटो काढायला जाणाऱ्यानं हे आधी हातात बसवावं, दिंडी थांबून राहत नाही.

आता विचारायचं कसं. तालमीतल्या एका पोराचा प्रश्न मला फार आवडला होता. त्यानं लिहिलं होतं: ‘पैलवानाच्या अंगावरनं उडणारी माती दिसायला हवी होती. १/२५०, एफ ५.६, आयएसओ ६४००. माती मागच्या भिंतीत हरवतेय. मी कुठं उभं राहायला हवं होतं?’ याला उत्तर देता येतं. खिडकी फोटो काढणाऱ्या पोराच्या पाठीशी होती, त्यामुळं उजेड मातीवर समोरून पडत होता आणि मागं उजळ भिंत. मी सांगितलं, हौद्याच्या पलीकडं जा, खिडकी पैलवानाच्या मागं तिरकी येऊ दे, पण मातीच्या मागं अंधारा कोपरा धर. मागून उजेड आला की मातीचा कण न् कण चमकतो. सेटिंग बदलायची गरजच नव्हती, पाय हलवायचे होते. बहुतेक वेळा तसंच असतं.

म्हणजे तीन गोष्टी लिहा: काय दाखवायचं होतं, आकडे काय होते, काय खटकतंय. एकच फोटो पाठवा. फार तर त्याच जागचा तुम्ही बाद केलेला एक फोटो जोडीला द्या, तुम्ही कशावरून निवड करता ते त्यातून दिसतं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नुसता फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि सेटिंगची माहितीही गळून पडते. मऊ फोकसवर मत मागायचं आणि फोटोच चुरगळलेला, मग सांगणारा काय सांगणार?

फोटो न काढणाऱ्या माणसालाही दाखवा. आई, शेजारच्या काकू, चहावाला, कुणीही. त्यांना आकडे सांगू नका, फोटो समजावूनही सांगू नका. ‘पहिली नजर कुठं गेली?’ एवढंच विचारा. पैलवानाच्या फोटोत काकूंचं बोट भिंतीवरच्या ट्यूबलाइटवर गेलं, तर ट्यूबलाइट चौकटीबाहेर काढा, वाद घालू नका.

दोन जाणती माणसं दोन उलट उपाय सांगतील. एक म्हणेल क्रॉप कर, दुसरा म्हणेल मागचं धूसर कर. उपाय बाजूला ठेवा आणि दोघांचं बोट कुठं गेलं ते बघा. एकाच जागी गेलं असेल तर खोट तिथंच आहे. उपाय तुम्ही शोधा, त्याच जागी, त्याच वेळेला परत जाऊन.

परत काढलेला फोटो जुन्याशेजारी लावून, ज्यानं सांगितलं त्याला आवर्जून दाखवा. पुढच्या वेळी तो जास्त बारकाईनं बघतो. आणि तालमीत काढला असाल तर ८ बाय १२ची एक प्रिंट वस्तादांना नेऊन द्या. खिडकीसमोरची जागा मग तेच मोकळी करून देतात.