जुनी इलेक्ट्रिक गिटार वेगवेगळ्या अँपवर कशी ऐकून बघायची

मामांची गिटार माझ्याकडे आली तेव्हा ती कित्येक वर्षं पलंगाखाली पडून होती. सत्तरच्या दशकात ते सोलापुरात ऑर्केस्ट्रात वाजवायचे. गिटार जपानी आहे, डोक्यावरचं नाव पार घासून गेलंय, दोन सिंगल कॉइल पिकअप (पिकअप म्हणजे तारांचं कंपन पकडणारं चुंबक आणि त्याभोवतीची तारेची गुंडाळी, सिंगल कॉइल म्हणजे अशी एकच गुंडाळी). मी ती आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या पीए अँपला (कार्यक्रमात माइक-स्पीकरला लावतात तो अँप्लिफायर) माइकच्या भोकात लावली आणि आवाज असा आला जणू कुणी वरून सोलापुरी चादर टाकलीय. एकजण म्हणाला पिकअप मेलेत, बदलून टाक. नशीब मी ऐकलं नाही, कारण महिन्याभराने तीच गिटार मित्राच्या छोट्या वॉल्व्ह अँपला (ट्रान्झिस्टरऐवजी जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांवर चालणारा) लावली आणि पहिल्याच स्ट्रोकला अंगावर काटा आला. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की जुनी गिटार कमीत कमी तीन अँपवर ऐकल्याशिवाय तिला नावं ठेवायची नाहीत आणि तिच्यातलं काही बदलायचं तर अजिबातच नाही.

आधी गिटार नीट करून घ्या. तारा नव्या टाका, व्हॉल्यूमचा नॉब खरखरत असेल तर काँटॅक्ट क्लीनर मारून वीस-पंचवीस वेळा फिरवा. मग पिकअप जिवंत आहे का ते मल्टीमीटरवर बघा: केबल गिटारला लावायची, व्हॉल्यूम फुल, आणि केबलच्या मोकळ्या प्लगच्या टोकाला मीटरची एक वायर, बाहेरच्या बाजूला दुसरी. सिंगल कॉइल साधारण 5 ते 7 किलो ओहम दाखवतो, हमबकर (दोन कॉइलचा पिकअप) 7 ते 9 च्या आसपास. थोडं इकडंतिकडं असलं तर घाबरू नका, आकडा मोठा म्हणजे आवाज चांगला असं काही नसतं. पण रीडिंग एकदम 250 किंवा 500 च्या घरात गेलं तर समजा आतली केसाएवढी बारीक तार कुठंतरी तुटलीय आणि मीटर नुसता व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा पार्ट) मोजतोय. असं असेल तर पिकअप फेकू नका, रीवाइंड करून, म्हणजे तार नव्याने गुंडाळून मिळतो.

आता लाइट. हे वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका. तारांना हात लावल्यावर घूं कमी झाली तर ते नॉर्मल आहे, पण झिणझिण्या आल्या तर लगेच प्लग काढा, अर्थिंगची गडबड आहे, आधी वायरमन बोलवा. बाहेरून आणलेला जुना अमेरिकन अँप 117 व्होल्टवर चालणारा असतो, आपल्या 230 ला सरळ लावला तर जळेल, व्होल्टेज खाली आणणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर पाहिजेच. वॉल्व्ह अँप स्पीकर न जोडता चालू करायचा नाही, आणि बंद असला तरी आत बोट घालायचं नाही कारण कपॅसिटरमध्ये जीवघेणा करंट साठलेला राहतो.

सिंगल कॉइल घूं करणारच, ती आपल्या 50 सायकलच्या लाइटची असते. याच घूंसाठी गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी दोन कॉइल उलटसुलट जोडून हमबकर काढला, 1955 ला पेटंटचा अर्ज केला. आपण काय करायचं, खुर्चीवर बसून हळूहळू गोल फिरायचं, एका कोनाला घूं एकदम खाली जाते, तिथं फरशीवर खडूने खूण करून ठेवायची. माझ्या घरामागं यंत्रमाग आहेत, ते चालू असले की घूं जास्त येते म्हणून मी माग बंद असले की बसतो.

तुलना करताना एकावेळी फक्त अँप बदला. केबल तीच, साधारण 3 मीटरची, पिक तोच, वाजवायचा तुकडाही तोच, मोबाइल त्याच जागी ठेवून रेकॉर्डिंग. आणि आवाजाची पातळी सारखी ठेवा, मोबाइलवर डेसिबल मोजायचं अॅप मिळतं, कारण जो अँप थोडा मोठ्याने वाजतो तोच कानाला भारी वाटतो, यात भलेभले फसतात.

सुरुवात क्लीन ट्रान्झिस्टर अँपने करा. यातला नावाजलेला म्हणजे रोलँडचा जेसी-120, 1975 चा. हा काही लपवत नाही, त्यामुळं गिटारची खरी तब्येत इथं कळते. मग फेंडर ट्विन रिव्हर्ब, 6एल6 वॉल्व्ह, 85 वॅट, वरचा आवाज चकचकीत, खालचा भरदार आणि मधला थोडा खोल. मग व्हॉक्स एसी30, ईएल84 वॉल्व्हचा, जोरात वाजवला की घंटीसारखा किणकिणतो आणि जरा ढकलला की गोड फाटतो, माझ्या मामांच्या गिटारला हाच सगळ्यात शोभतो. शेवटी मार्शल. पहिला जेटीएम45 1962 मध्ये लंडनला फेंडरच्याच बासमन या अँपचं सर्किट समोर ठेवूनच बनवलेला, पण स्पीकर वेगळे, पार्ट वेगळे, त्यामुळं मधला आवाज पुढं येतो आणि हमबकर तिथं गर्जतो. सोलापुरात हे सगळे ओरिजिनल कुठं मिळणार, पण मॉडेलिंग अँपमध्ये (दुसऱ्या अँपच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारा) या चारही प्रकारचे आवाज असतात, कान तयार करायला तेवढं पुष्कळ झालं.

प्रत्येक अँपवर आधी अँपचे नॉब मधोमध ठेवा आणि गिटारचा व्हॉल्यूम 10 वर. एक कॉर्ड जोरात मारा, तोच अगदी हळू मारा. वॉल्व्हवर जोरात मारलं की आवाज क्षणभर दबतो आणि मग फुलून वर येतो, ही दमछाक बोटांना जाणवते. आता गिटारचा व्हॉल्यूम 6 वर आणा. चांगल्या वॉल्व्ह अँपवर फाटलेला आवाज आपोआप स्वच्छ होतो, अँपला हात न लावता. मला विचाराल तर ही एकच टेस्ट केली तरी चालेल.

आणि तो पीएवरचा मेलेला आवाज? गिटार अँपच्या इनपुटला दहा लाख ओहम इंपीडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) असतो, माइकच्या इनपुटला जेमतेम काही हजार, त्यामुळं पिकअपवर लोड येतो आणि वरचा सगळा आवाज गिळला जातो. मध्ये अॅक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल माइकच्या इनपुटला जुळवून देणारी छोटी पेटी) टाका. आणि पीएवर डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला आवाज) लावणार असाल तर कॅब सिम्युलेटर (गिटारच्या स्पीकरची नक्कल करणारा) हवाच, गिटारचा स्पीकर 5 किलोहर्ट्झच्या वर फारसं काही वाजवत नाही पण पीएचा हॉर्न सगळं वाजवतो, मग माशा घोंगावल्यासारखं ऐकू येतं.

सगळी रेकॉर्डिंग झाली की ती दुसऱ्या कुणालातरी लावायला सांगा, अँपची नावं न सांगता, आणि तुम्ही डोळे मिटून ऐका. मी हेच मामांवर केलं. त्यांनी चारही दोनदोनदा ऐकली आणि मला आवडणारा एसी30 सोडून सरळ ट्रान्झिस्टरवालं निवडलं. म्हणाले, "अरे ही माझी गिटार, बाकीच्या तुझ्या."