काळी पट्टी बांधण्याआधी: भेदभावाविरुद्ध मैदानातून आवाज उठवणाऱ्या खेळाडूंसाठी

इंदूरच्या कुठल्याही मैदानावर दंडाला काळी पट्टी बांधून अकरा जण उतरले, की पहिला प्रश्न येतो, "कोण गेलं?" आपल्याकडे काळ्या पट्टीचा अर्थ शोक असाच घेतला जातो. त्यामुळे कुणाला रंगावरून, जातीवरून किंवा चेहरेपट्टीवरून हिणवल्याचा निषेध करायचा असेल, तर पट्टीच्या आधी कागद तयार लागतो. कागद नसेल तर तुमच्या कृतीचा अर्थ दुसरेच कुणी लावतील, आणि एकदा पसरलेला अर्थ मागे घेता येत नाही.

झिम्बाब्वेचे क्रिकेटपटू अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा यांनी हा क्रम अचूक पाळला होता. १० फेब्रुवारी २००३ रोजी हरारेत विश्वचषकात झिम्बाब्वेचा सामना नामिबियाशी होता. दोघे काळ्या पट्ट्या बांधून खेळले. पट्ट्या साध्या चिकटपट्टीच्या होत्या, पण देशातल्या लोकशाहीच्या मृत्यूचा हा शोक आहे असं सांगणारं दोघांचं संयुक्त निवेदन सामन्याआधीच पत्रकारांच्या हातात पडलं होतं. प्रश्न वर्णभेदाचा नव्हता, पण एक गोरा आणि एक काळा खेळाडू जोडीने उभे राहिले याला त्या देशात वेगळंच वजन होतं.

निवेदन

एक घटना, मोजकी वाक्यं, नेमकी मागणी. "समाजातील सर्व प्रकारच्या भेदभावाचा आम्ही निषेध करतो" असं लिहिलं की आयोजक मान डोलावतात आणि विषय तिथेच संपतो. त्यापेक्षा असं लिहा:

"दिनांक अमुक रोजी अमुक मैदानावर, दुसऱ्या डावाच्या चौदाव्या षटकात, आमच्या संघातील खेळाडूला प्रेक्षकांतून तिच्या रंगावरून वारंवार हाका मारल्या गेल्या. पंचांना तेव्हाच सांगितले. याच्या निषेधार्थ आज आम्ही काळी पट्टी बांधून खेळत आहोत. आयोजकांनी ही तक्रार लेखी नोंदवून घ्यावी आणि असे पुन्हा घडल्यास खेळ थांबवण्याचा नियम पुढच्या सामन्यापासून लागू करावा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे."

शंभराच्या आत शब्द. इंदुरात वर्तमानपत्रं आणि अधिकारी हिंदीत वाचतात, तेव्हा हिंदी प्रत आधी करा आणि मराठी प्रत आपल्या मंडळांसाठी ठेवा. भाषांतर करताना मागणी सौम्य होत नाही ना, हे दोघांनी मोठ्याने वाचून पाहावं. शिवी देणाऱ्याचं नाव जाहीर निवेदनात घालू नका. ते तक्रार अर्जात लिहायचं असतं. जाहीर कागदावर नाव आलं की समोरचा मानहानीची नोटीस पाठवतो आणि पुढचे सहा महिने तुम्ही आरोपीसारखे उत्तरं देत बसता. जिला हाका मारल्या तिचंही नाव तिच्या परवानगीशिवाय नको, आणि ती अठरा वर्षांखालची असेल तर अजिबातच नको. अल्पवयीन पीडित मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याची मनाई आहे.

"अरे, 'कालू' तर लाडाने म्हणतात" असं कुणीतरी म्हणणारच. वेस्ट इंडीजच्या डॅरेन सॅमीने २०२० साली सांगितलं, की भारतात खेळताना त्याला याच शब्दाने हाक मारली जायची आणि त्याचा अर्थ त्याला फार उशिरा कळला. शब्द लाडाचा आहे की नाही, हे ज्याला तो ऐकावा लागतो त्याने ठरवायचं. निवेदनात त्यावर वाद घालू नका, फक्त शब्द जसाच्या तसा नोंदवा.

कुठल्या क्षणी

अमेरिकन फुटबॉलपटू कॉलिन केपरनिकने कृष्णवर्णीयांवरच्या अन्यायाच्या निषेधार्थ २०१६ साली आधी राष्ट्रगीताच्या वेळी बाकावर बसून राहण्याचा मार्ग धरला. त्यात सैनिकांचा अपमान दिसतो अशी ओरड झाली. मग नेट बॉयर या माजी सैनिक-खेळाडूशी बोलून त्याने १ सप्टेंबरला एक गुडघा टेकला. मुद्दा तोच, क्षणही तोच, शरीराची ठेवण बदलली, आणि तीच खूण जगभर गेली.

पण राष्ट्रगीताचा क्षण इथे उचलू नका. राष्ट्रगीत चालू असताना सावधान उभं राहण्याचे केंद्राचे आदेश आहेत, आणि जाणूनबुजून राष्ट्रगीतात अडथळा आणल्यास १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. कायदा बाजूला ठेवला तरी चर्चा शिवीवरून उडून देशभक्तीवर जाते. तिरंग्यावर काही लिहू नका, तोही गुन्हा आहे.

योग्य क्षण म्हणजे पहिला चेंडू पडण्याआधी, किंवा शिट्टी होण्याआधी. ८ जुलै २०२० रोजी साउदॅम्प्टनला इंग्लंड आणि वेस्ट इंडीजचे खेळाडू याच वेळी गुडघ्यावर बसले. २४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत पाकिस्तानविरुद्ध भारतीय संघानेही तेच केलं. दहा-बारा सेकंद पुरतात. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षण करणारा संघ आपापल्या जागी आणि दोन्ही फलंदाज खेळपट्टीवर. खुणेसाठी कर्णधाराने हात वर करायचा आणि खाली घ्यायचा. आदल्या दिवशी दोनदा सराव करा, नाहीतर निम्मे बसतात, निम्मे इकडेतिकडे पाहतात आणि फोटोत संघ फुटलेला दिसतो.

बक्षीस समारंभ शक्यतो टाळा. १६ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचे कृष्णवर्णीय धावपटू टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी २०० मीटरच्या पदकमंचावर मुठी उंचावल्या आणि त्यांना स्पर्धेतून बाहेर काढलं गेलं. ते चित्र जवळून पाहिलं तर पुष्कळ शिकायला मिळतं. पायात बूट नाहीत, फक्त काळे मोजे, ही गरिबीची खूण. कार्लोस हातमोजे विसरून आला होता, म्हणून एकच जोडी वाटून घेतली. स्मिथची उजवी मूठ वर आहे आणि कार्लोसची डावी, ती यामुळे. रौप्यपदक मिळवणारा ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन गोरा. त्याने मूठ उगारली नाही, पण एका अमेरिकन नौकानयनपटूकडून त्या दोघांच्या मानवी हक्क मोहिमेचा बिल्ला मागून घेतला आणि छातीवर लावला. ज्यांच्यावर अन्याय झालेला नाही अशा सहकाऱ्यांनी काय करावं, याचं इतकं नेमकं उदाहरण दुसरं नाही. म्हणून तुमच्या थैलीत चार पट्ट्या जास्तीच्या हव्यात. प्रतिस्पर्ध्यांतलाही कुणी मागू शकतो.

नियम वाचून घ्या

क्रिकेटमध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेचा नियम कडक आहे. पोशाखावरचा वैयक्तिक संदेश आधी मंजूर करून घ्यावा लागतो, आणि राजकीय, धार्मिक किंवा वांशिक मुद्द्यांना मंजुरी मिळत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये उस्मान ख्वाजाला बुटांवरची वाक्यं झाकावी लागली आणि विनापरवानगी काळी पट्टी बांधल्याबद्दल ताकीदही मिळाली. फुटबॉलच्या चौथ्या नियमात राजकीय, धार्मिक आणि वैयक्तिक घोषणा मनाई आहेत, आतल्या बनियनवरसुद्धा. ऑलिंपिकमध्ये नियम ५० आहे. जुलै २०२१ मध्ये तो थोडा सैल झाला आणि स्पर्धा सुरू होण्याआधी मैदानावर व्यक्त व्हायला मुभा मिळाली, पदकमंचावर मात्र नाही.

जिल्हा स्पर्धेत हेच नियम जसेच्या तसे असतील असं नाही. स्पर्धेचं नियमपत्रक मागून घ्या आणि सामन्याच्या निदान ४८ तास आधी आयोजकांना पत्र द्या. पत्रात परवानगी मागायची की फक्त कळवायचं, हे आधी ठरवा. आमच्या मते मागावी. नकार आला तर तो लेखी नकारही उपयोगाचा कागद ठरतो. न विचारता बांधली तर पंच पहिल्या षटकात पट्टी काढायला लावतात आणि ज्याच्या विरुद्ध तक्रार आहे तो हसत बघतो.

रेल्वे, पोलीस किंवा राज्य शासनाच्या नोकरीत असलेल्यांनी आपले सेवा-आचरण नियम आधी पाहावेत. पोलिसांवरची बंधनं सर्वांत कडक आहेत. अशांनी निवेदनावर सही न करता साक्षीदार म्हणून जबाब द्यावा. तो त्यांचा हक्क आहे आणि कामही जास्त त्याचंच होतं.

पट्टी

पाच सेंटिमीटर रुंदीची काळी इलॅस्टिक घ्या. साटिनची फीत घामाने कोपरापर्यंत घसरते. चिकटपट्टीचा गोंद मे महिन्याच्या उन्हात वितळतो आणि काढताना कातडी ओढते, बांधायचीच तर बाहीवरून बांधा. माप दंड आवळून घ्या. ३० सेंमी दंडाला २७ सेंमी इलॅस्टिक आणि शिवणीसाठी २ सेंमी, म्हणजे २९. पंधरा खेळाडू आणि चार जादा मिळून साडेपाच मीटर लागते, सहा मीटर आणा. शिवण नागमोडी टाक्याची घालायला सांगा, सरळ टाका ताणला की तुटतो. सेफ्टी पिन कुठल्याही खेळात नको. कबड्डीत आणि कुस्तीत पट्टी पकडीत सापडते, तेव्हा शिट्टीआधी काढून व्यवस्थापकाकडे द्या.

कुणावर जबरदस्ती नको

२६ ऑक्टोबर २०२१ ला ऐन सामन्याच्या दिवशी दक्षिण आफ्रिकेच्या खेळाडूंना सर्वांनी गुडघा टेकावा असा क्रिकेट मंडळाचा आदेश कळला. क्विंटन डी कॉक सामन्यातून बाहेर बसला. दोन दिवस चर्चा त्याचीच झाली, वर्णभेदाची नाही. पुढे त्याने माफी मागितली आणि गुडघाही टेकला. तेव्हा संघाची बैठक निदान तीन दिवस आधी घ्या आणि ज्याला नको त्याला शांतपणे उभं राहायची मोकळीक द्या. अठरा वर्षांखालच्यांच्या आईवडिलांची लेखी संमती घ्या. घरात बाबा नाही म्हणाले तर त्या मुलाला डरपोक म्हणू नका.

पुरावा आणि तक्रार

मैदानावरची कृती एका दिवसाची, तक्रार महिनोन्महिने चालते. घटना घडली की लगेच स्कोररकडून षटक आणि वेळ लिहून घ्या, पंचांना सांगा, दोन साक्षीदारांची नावं टिपा. ज्या मोबाइलवर चित्रीकरण झालं तो फोन आणि मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ दाबला जातो आणि मूळ माहिती पुसली जाते. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन विकून टाकला असला की तिथेच अडतं.

अनुसूचित जाती-जमातीच्या खेळाडूला चारचौघांत जातिवाचक शिवी दिली तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे कलम १८-अ सांगतं. थान्यात टीआय (थान्याचे प्रभारी निरीक्षक) "आधी चौकशी करतो" म्हणाले तर हेच कलम नम्रपणे दाखवा. अजाक थान्यातही, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या खास पोलीस थान्यातही, जाता येतं. राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६ आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियोत भारतीय महिला हॉकी संघ उपांत्य सामना हरला आणि वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळच्या घराबाहेर जातिवाचक शिवीगाळ झाली, तेव्हा कुटुंबाने पोलिसांत तक्रार दिली होती. ईशान्येकडच्या खेळाडूला चेहऱ्यावरून हिणवलं तर हा कायदा आपोआप लागू होत नाही, ती व्यक्ती अनुसूचित जमातीची आहे का ते पाहावं लागतं. अर्ज लिहिण्याआधी वकिलाला विचारा.

हे सगळं बाहेरून आलेलं फॅड आहे असं कुणी म्हणालं, तर जुन्या काळातल्या दलित क्रिकेटपटू पाळवणकर बंधूंची आठवण द्या. बाळूंना पुण्यात पॅव्हेलियनबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जायचा. याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. तेव्हा स्पर्धेतले संघ धर्मावरून असत. १९२० साली त्यांना हिंदू संघातून वगळलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून माघार घेतली आणि कारण जाहीर लिहून दिलं. १९२३ मध्ये विठ्ठल त्याच संघाचे कर्णधार झाले.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर निवेदनाच्या तीन प्रती काढून मंगळवारच्या जनसुनवाईत (अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे) ज्ञापन द्या. एक प्रत कलेक्टर कार्यालयात, एक क्रीडा विभागात, आणि तिसरीवर शिक्का व आवक क्रमांक घेऊन ती आपल्या फाइलला लावा. क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.